मोजदाद

सत्तर पानांचं एक पुडकं,
शंभर पुडक्यांचा एक शेकडा.
अठ्ठावीस उन्हाळे हेच मोजत आलो
खैरटोल्याच्या तेंदूफडीवर,
एका कानामागे पेन्सिल,
दुसऱ्या कानामागे बिडी.

यंदाच्या वैशाखात
यमुना मडावीची पोर पुडकी मांडून उभी होती.
मी त्रेचाळीसवर पोचलो आणि खोकला आला.
पुन्हा एकपासून.
एकोणसाठवर पुन्हा.
तिसऱ्यांदा पोर म्हणाली,
“मुंशीजी, मीच मोजू का जी?”
मागे सगळी ओळ थांबलेली.
कोणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच सांजेला अर्धा कट्टा बोडीत फेकला.
बिड्या लवकर बुडत नाहीत, हे तेव्हा कळलं.
शिंगाड्याच्या वेलात अडकून
कितीतरी वेळ तरंगत राहिल्या,
आणि मी काठावर बसून
एखादी परत येते का ते बघत.

पुढचे आठ दिवस विचारू नका.
सकाळी टमरेल घेऊन जायचो
आणि तसाच परत यायचो.
चहा प्यायलो की वाटायचं, अजून प्यायचा राहिला.
हात आपोआप खिशाकडे,
आणि खिशाच्या जळक्या भोकातून
बोट बाहेर.
धुऱ्यावर डोमाजी म्हणाला,
“एक झुरका घेऊन टाक गा,
सोडून का अमर होनार हायेस?”

घरात तर सूपभर बिड्या.
सुगरता रोज हजार वळते.
पान भिजवते, कापते, जर्दा भरते,
लाल दोरा गुंडाळते, नखानं तोंड दुमडते.
मी सोडली म्हणून
तिचा रोज थोडाच सुटतो?

नवव्या रात्री उठलो.
सुपातली एक उचलली,
गोठ्यामागे जाऊन ओढली.
बैलानं तोंड फिरवलं.
सकाळी ती पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत बसली.
शेवटच्या कट्ट्यात चोवीस.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
एक पान घेतलं,
एक बिडी वळली,
दोरा दातानं तोडला.

त्यानंतर घेतली नाही.

खोकला कधीतरी भादव्यात गेला.
नेमका कोणत्या दिवशी, सांगता येत नाही.
जन्मभर मोजणारा माणूस मी,
तेवढं मोजायचं राहून गेलं.
आपलंच कुत्रं आता अंधारात माझ्यावर भुंकतं.
पूर्वी माझ्याआधी माझा खोकला घरी पोचायचा,
चिंचेच्या वळणावरूनच.

आश्विनातली एक दुपार.
बांधीत पाणी सोडून लवकर परतलो,
सायकल कुपाटीला टेकवली,
तर आतून गाणं.
वाटलं, शेजारचा रेडिओ.
पण कैची थांबली की गाणं थांबायचं,
कैची चालली की पुढे चालायचं.
तिच्या माहेरकडचं, लग्नातलं असावं कुठलंसं,
शब्द नीट लागत नव्हते.
एका ठिकाणी आवाज असा वर गेला
की कवेलूवरचा कावळा उडाला.

एकतीस वर्षांचा संसार.
मी समजत होतो, हिला गळाच नाही.
रोज मी वळणावर खोकत असणार,
रोज ती
ओळ अर्ध्यावर तोडत असणार,
दोऱ्यासारखी.

घशाशी काहीतरी आलं.
खोकला नव्हता तो.
तरीही गिळून टाकला
आणि सायकलच्या घंटीवर हात दाबून धरला,
चुकून वाजू नये म्हणून.